कणांना कान नसतात

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (पन्नाशी उलटली, टाळूवर चंद्र उगवला, तरी तुझ्यापुढे कायम धाकटाच) वाकून नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण हल्ली जमिनीला टेकलेलं अंग परत वर येताना फार कुरकुर करतं, म्हणून झेपेल तेवढाच नमस्कार लिहिला आहे, गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? नुसता डावाच बोलतो, की आता उजव्यानेही त्याच्या सुरात सूर मिसळला? गोळ्या वेळेवर घेतेस ना? बाल्कनीतल्या कुंड्या मजेत असतील. (असणारच. तुला कुठेही बोलावलं की "कुंड्यांना पाणी कोण घालणार" हे तुझं उत्तर ठरलेलं. एवढी काळजी घेतली तर मलासुद्धा पालवी फुटेल.) फोन केला तर "मी बरी आहे, ठेव आता" यापलीकडे तू जात नाहीस, आणि भावोजी गेल्यापासून "चार दिवस इकडे ये" म्हटलं की "बघू" म्हणतेस. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण तुला जमणार नाही. जन्मभर विज्ञानाच्या उत्तरपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली बाई तू, भावाचं पत्र काय अर्धं सोडशील?

आता मुद्द्यावर येतो. ताई, माझ्या हातातला खडू जायची वेळ आली आहे. येत्या गुरुवारी तपासनीस बाई दुसऱ्यांदा माझा पाठ बघायला येणार आहेत, आणि तोही बिघडला तर मला शिकवण्यातून काढून शाळेच्या भांडारात बसवायचं असं ठरलं आहे. भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे फाटके नकाशे, एका हाताचा सांगाडा (दुसरा हात कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही) आणि खडूची खोकी असतात. मी तिथे बसून शिकवणाऱ्या लोकांना खडू वाटायचे. मला धरता यायचा नाही, नुसता वाटायचा. घरी मी "बरंच आहे की, आराम" असं म्हणून दाखवलं. तुझ्या भावजयीने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या चहात साखर जरा जास्त घातली, म्हणजे तिलाही कळलं आहे.

तू विचारशील, इतिहासाच्या मास्तरावर अशी वेळ आलीच कशी? त्याला कारण एक बिस्किट. आमच्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका, उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात) शिक्षकांच्या खोलीत येऊन विचारलं, "सहावीचं विज्ञान कोण घेईल?" त्याबरोबर सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मीही बघतच होतो, पण नेमकं त्याच क्षणी माझं बिस्किट मोडून चहात पडलं आणि चमच्यासाठी मी मान वर केली. "तुम्ही? वा, छान झालं," असं म्हणून मोठ्या बाई गेल्यासुद्धा. माझे इतिहासाचे तास एका नव्या, इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाला मिळाले. तो राजांच्या सनावळ्या तोंडपाठ म्हणतो आणि मुलं त्याला खरोखर घाबरतात. मला तिकडे परतायची सोय उरली नाही.

पहिलाच धडा निघाला, स्थायू, द्रव आणि वायू यांतले कण. पुस्तकात शेजारी शेजारी तीन चौकटी होत्या. पहिलीत ठिपके खच्चून भरलेले, दुसरीत जरा सैल, तिसरीत चार-पाच कुठेतरी. मला वाटलं, तिसऱ्या चौकटीपर्यंत छापखान्याची शाई संपत आली असावी. मग खालचा मजकूर वाचला, दोनदा वाचला, आणि मला जे येतं त्यात तो बसवला. वर्गात जाऊन ठोकून दिलं की स्थायू म्हणजे खांद्याला खांदा लावून उभं राहिलेलं सैन्य, द्रव म्हणजे माघार घेणारं सैन्य आणि वायू म्हणजे दाणादाण. मुलं खूश झाली. मी त्यांच्याहून खूश झालो. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरचा हात वर आला. त्या मुलीला सगळी शाळा शंकासूर म्हणते. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा, आणि हात कायम वर. मला तर वाटतं ती झोपतही तशीच असेल. तिने विचारलं, "सर, मग सेनापती कोण?" मी म्हटलं, कणांना सेनापती नसतो. "मग त्यांना रांगेत उभं कुणी केलं?" मी घड्याळाकडे बघितलं. घड्याळ बंद होतं. "उद्या बघू," मी म्हणालो. (बघू हा शब्द आपल्या घरात पिढीजात आहे, त्याला माझा इलाज नाही.)

रात्रभर डोकं खाजवून मी ठरवलं की हे सगळं आधी घरी करून बघायचं. दुकानातून गोट्या आणल्या. "मुलासाठी का?" दुकानदाराने विचारलं, त्यावर मी "हो" म्हणालो, आपला मुलगा नोकरीला लागला आहे हे त्याला सांगायची काय गरज? तुझ्या भावजयीचा झाकणाचा गोल डबा घेतला आणि तिला समोर बसवून व्याख्यान सुरू केलं. डबा गोट्यांनी गच्च भरला, हा स्थायू. थोड्या काढून डबा कलता केला, गोट्या एकमेकींवरून घसरल्या, हा द्रव. आणखी काढल्या, झाकण लावलं आणि डबा जीव खाऊन हलवला, हा वायू. झाकण उडालं. वायूला स्वतःचा आकार नसतो आणि मिळेल ती सगळी जागा तो व्यापतो, हे पुस्तकातलं वाक्य आमच्या घराच्या फरशीला त्या दिवशी पटलं. तुझी भावजय एका गोटीवर पाय पडून अलगद खाली बसली, बसल्या बसल्याच तिने आणखी दोन गोट्या गोळा केल्या आणि म्हणाली, "ताईंना विचारलं असतं तर?" मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी ताईला कशाला त्रास? सहावीचं विज्ञान मला येत नाही का? अजूनही केर काढताना फ्रीजखालून एखादा वायूचा कण निघतो, तो ती माझ्या ताटाशेजारी आणून ठेवते.

शाळेत काचेच्या, फुटणाऱ्या, घरंगळणाऱ्या वस्तू न्यायच्या नाहीत असा कानाला खडा लावून मी दुसऱ्या दिवशी वासावर गेलो. वायूचे कण हवेत कसे पसरतात हे दाखवायला अत्तराची उघडी बाटली पुरते असं पुस्तकात लिहिलं होतं. सकाळच्या घाईत चष्मा न लावता कपाटातली निळी बाटली उचलली. वर्गात ती टेबलावर ठेवून मुलांना सांगितलं, ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. बूच काढायच्या आतच शेवटच्या बाकावरच्या चौघांनी हात वर केले. (ती चौघं फार गुणी आहेत, शिक्षकाचा विरस होऊ नये म्हणून कशालाही हात वर करतात.) मी त्यांना दटावलं आणि बूच काढलं. पहिल्या बाकावरचे हात वर गेले खरे, पण नाकापर्यंतच. ताई, अत्तर केव्हाच संपलं होतं आणि त्या रिकाम्या बाटलीत तुझ्या भावजयीने ढेकणांचं औषध भरून ठेवलं होतं. पहिला बाक, दुसरा बाक, तिसरा बाक, अशी नाकं ओळीने बंद होत गेली. शंकासूर नाक दाबून आनंदाने ओरडली, "सर, बरोबर! पुढून मागे चाललाय!" प्रयोग म्हणून बघशील तर दृष्ट लागेल असा झाला. मग शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोळे पुसत आले, मग पलीकडचा वर्ग मैदानात गेला, आणि मधल्या सुट्टीपर्यंत कणांचा सिद्धांत फाटकापर्यंत सिद्ध झाला. मोठ्या बाई रुमाल नाकाला लावून आल्या आणि विचारलं, "सर, हे असंच व्हायला हवं होतं का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच दिवशी त्यांनी बातमी दिली की पुढच्या आठवड्यात तपासनीस बाई येणार आणि त्यांनी नेमका माझाच पाठ बघायला मागितला आहे. माझी पाचावर धारण बसली. आणि भीतीपोटी माणसाला जशा कल्पना सुचतात तशी मला एक सुचली. वस्तू नकोत, वास नको, मुलांनाच पाण्याचे कण करायचं! बाक भिंतीला सारले, फरशीवर खडूने मोठा चौकोन काढला. ओळीत उभे राहा, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवा, जागा सोडायची नाही पण जागच्या जागी थरथरायचं, हा स्थायू. हात सोडा, चौकोनाच्या आत एकमेकांना चाटून सरकत राहा, हा द्रव. चौकोन विसरा आणि खोलीभर सुसाट पळा, भिंतीवर आपटलात की वळा, हा वायू. दार बंद करायचं, म्हणजे खोली हेच भांडं. आणि उष्णता? उष्णता दाखवायला मी टाळ्या वाजवायच्या. हळू टाळ्या म्हणजे थोडी उष्णता, जोरात म्हणजे जास्त. टाळ्या थांबल्या की थंड व्हायचं, वायूचा द्रव, द्रवाचा स्थायू, आपोआप. ताई, खोटं सांगत नाही, तालमीत हे इतकं सुरेख जमलं की मला माझाच हेवा वाटला. मुलं वितळायची, उकळायची, परत गोठायची. शिपायाने दाराच्या फटीतून बघितलं आणि तोही जागच्या जागी थरथरायला लागला.

एकच अडचण होती. काही मुलं मी "हळू रे", "पडशील", "त्याला ढकलू नकोस" म्हटलं की थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि सगळं पाणी मध्येच बिघडायचं. तेव्हा मी एक वाक्य बोललो. तुला वाटेल हे वाक्य पुस्तकातलं आहे; नाही, ते माझंच, माझ्याच अकलेतून आलेलं. मी म्हटलं, "मुलांनो, कणांना मन नसतं, कणांना कान नसतात, कण सरांचं ऐकत नाहीत. कणांना फक्त उष्णता कळते. मी काहीही ओरडलो तरी लक्ष द्यायचं नाही. टाळी, फक्त टाळी!" मुलांनी हे वाक्य अगदी मनावर घेतलं. (आजवर मी सांगितलेल्यापैकी त्यांनी मनावर घेतलेलं हे एकमेव वाक्य असेल.)

तो दिवस उजाडला. मी इस्त्रीचा सदरा घातला, तुझ्या भावजयीने माझे खिसे तपासून गोट्या काढून घेतल्या. तपासनीस बाई आल्या, मोठ्या बाई आल्या, दोघी मागच्या भिंतीशी खुर्च्यांवर बसल्या, शिपाई पाण्याचे पेले घेऊन दाराशी. तपासनीस बाईंना कोंदट वाटलं म्हणून त्यांनी दार उघडं ठेवायला सांगितलं. भांड्याचं झाकण उघडं राहिलं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र तेव्हा फळ्यावर "स्थायू" हा शब्द काढण्यात दंग होतो. मी खूण केली. मुलं चौकोनात उभी राहिली, खांद्यावर हात, सरळ ओळी, आणि सगळा वर्ग एका लयीत थरथरायला लागला. खरोखर देखणं दिसत होतं ते. तपासनीस बाईंना इतकं आवडलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तपासनीस बाई टाळ्या वाजवतात म्हटल्यावर मोठ्या बाईंनी वाजवल्या, जरा जास्तच जोरात. मोठ्या बाई वाजवतात म्हटल्यावर शिपायाने पेले खाली ठेवून वाजवल्या. माझा स्थायू माझ्या डोळ्यांदेखत वितळला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं आणि मुलं एकमेकांना चाटून सरकायला लागली होती. "वा! आपोआप!" असं म्हणून तपासनीस बाईंनी दुप्पट जोराने टाळ्या पिटल्या. मग जे व्हायचं तेच झालं. पाणी उकळलं. मुलं चौकोन सोडून सुटली, एक भिंतीवर आपटून वळला, दुसरी फळ्यावर आपटून वळली, तिसऱ्याला समोर भिंत मिळालीच नाही, मिळालं उघडं दार. त्याच्यामागे सगळा वर्ग. मी ओरडलो, "थांबा!" कुणी थांबलं नाही. "अरे, मी सांगतोय, थांबा!" दारातून जाताना एक मुलगा मोठ्या प्रेमाने माझ्याकडे बघून हसला. सर आपली परीक्षा घेताहेत हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी जिन्यात पळालो. मागे तपासनीस बाई टाळ्या वाजवतच होत्या. त्यांना वाटलं, हा पाठाचाच भाग आहे. बरं, टाळ्यांचा आवाज ऐकून शेजारच्या पाचवीला वाटलं कुणीतरी बक्षीस मिळवलं, म्हणून पाचवीने वाजवल्या. पाचवीचं ऐकून वरच्या मजल्याने. बघता बघता सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली, कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माझा वर्ग उकळत उकळत मैदानात, पाण्याच्या टाकीमागे, शिक्षकांच्या खोलीत, सायकलींच्या आडोशाला पसरत गेला. एक कण मोठ्या बाईंच्या खुर्चीत सापडला. एक गणिताच्या सरांच्या वर्गातून आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडला, जाताना त्यांच्या टेबलावर आपटून नियमाप्रमाणे वळला. उष्णता कमी करायचा एकच मार्ग होता, टाळ्या थांबवणं. आणि कुणाकुणाच्या थांबवणार? मी ओठांवर बोट ठेवून एकेका वर्गाच्या दारात उभा राहिलो, हात जोडले, धापा टाकल्या. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं मला तसं बघून आणखी जोरात वाजवायला लागली. नव्या इतिहासाच्या सरांनी मात्र नुसती नजर टाकली आणि त्यांचा वर्ग गप्प झाला. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. मी त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले.

शेवटी एकदाची शाळा शांत झाली. आणि ताई, आता तू हसशील, पण मग माझ्या पोरांनी कमाल केली. टाळ्या थांबल्याबरोबर पळणारी मुलं चालायला लागली, चालणारी एकमेकांना येऊन भेटली, दोनाची चार झाली, व्हरांड्यातून घोळका होऊन सरकत सरकत वर्गात आली आणि चौकोनात जाऊन खांद्यावर हात ठेवून थरथरत उभी राहिली. कुणीही न सांगता. घामाने डबडबलेली, एकाच्या पायात एकच बूट, पण ओळ सरळ. माझा जीव भांड्यात पडला. मी आत शिरलो तर तपासनीस बाई खाली वाकून शंकासुराशी बोलत होत्या. ती बाहेर गेलीच नव्हती. सगळं पाणी उडून गेलं तेव्हा ती एकटी रिकाम्या चौकोनात उभी राहून थरथरत होती. "तू का नाही पळालीस?" बाईंनी विचारलं. "मी मीठ आहे," ती म्हणाली. "पाणी उडून गेलं तरी मीठ खालीच राहतं." मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं, म्हणजे असं माहीत नव्हतं.

इथे पाठ संपला असता तर मी आज तुला पेढे पाठवले असते. पण शंकासुराचा हात वर गेला. "सर, कणांना मन नसतं ना?" नसतं, मी म्हणालो. "मग ते एकमेकांना धरून का राहतात?" मी म्हटलं, त्यांच्यात आकर्षण असतं. "का असतं?" मी म्हटलं, तसा नियम आहे. "नियम कुणी केला? सेनापती तर नाही म्हणालात." तपासनीस बाई माझ्याकडे बघत होत्या, मोठ्या बाई बघत होत्या, शिपाईसुद्धा उत्तराची वाट बघत होता. ताई, मी फळ्याकडे तोंड करून "स्थायू" शब्दावरची वेलांटी उगाचच गिरवत बसलो. (त्या शब्दात वेलांटी नाही. मी दिली.) बाईंनी जाताना शांतपणे सांगितलं की वर्गाचा उत्साह चांगला आहे, पण कण जवळ का राहतात हे शिक्षकाला सांगता आलं नाही, गुरुवारी पुन्हा येईन, तेव्हाही असंच झालं तर मोठ्या बाईंना दुसरी व्यवस्था करावी लागेल. दुसरी व्यवस्था म्हणजे जिन्याखालची खोली, हे त्या बोलल्या नाहीत, पण मोठ्या बाईंनी भांडाराच्या किल्ल्यांना हात लावून बघितला.

मला भांडाराची लाज नाही वाटत, ताई. त्या सांगाड्याशीही मी जमवून घेईन. पण वर्गाच्या दारातून आत शिरताना जी एक गडबड अंगावर येते, ती नसलेली सकाळ मला झेपायची नाही. इतिहास गेला तेव्हा वाटलं नव्हतं, ते आता या पोरांमुळे वाटतं आहे. तेव्हा तुझ्या आशीर्वादाची गरज आहे, आणि थोड्या विज्ञानाची. बाकी सर्व क्षेम. तुझी भावजय नमस्कार सांगते, आणि गोट्यांबद्दल तुला काही कळवू नको असंही सांगते.

तुझा,
उकळून गार झालेला भाऊ

ता. क. : खरं काम लिहायचंच राहिलं. कण एकमेकांना का धरून ठेवतात, आणि तापले की का सोडतात, हे सहावीच्या मुलाला (आणि पन्नाशीच्या मास्तराला) कळेल असं चार ओळींत लिहून उलट टपाली पाठव. गुरुवारच्या आत मिळालं पाहिजे. चित्र काढलंस तर उत्तम.

ता. क. दुसरा : चार ओळींत भागणार नाही असं वाटतं, कारण पाचवी ओळ शंकासूर विचारणार. त्यापेक्षा तूच ये. विज्ञानाच्या बाईंची रजा वाढली आहे, मोठ्या बाई या सत्रापुरतं कुणीतरी शोधताहेत, आणि मी तुझं नाव सांगून टाकलं आहे. तुला न विचारता सांगितलं, हे मान्य. मागची खोली रिकामी केली आहे. त्यातली माझी जुनी वह्या-पुस्तकं कुठे गेली हे मी विचारलं नाही आणि मला सांगण्यात आलं नाही. विज्ञान तू घे, मी तुझ्या वर्गात मागे बसून बाक सरकवायला मदत करीन.

ता. क. तिसरा : हे पत्र टाकायला निघालो आणि ते सदऱ्याच्या खिशातच राहिलं. आज सदरा धुवायला टाकताना तुझ्या भावजयीला सापडलं. आज शुक्रवार. म्हणजे गुरुवार कालच होऊन गेला. पाठ झाला. चांगला झाला. तुझी वाट बघून शेवटी बुधवारी रात्रभर वरच्या इयत्तांची पुस्तकं चाळली होती. शिक्षकांच्या खोलीतल्या दोन तसबिरींच्या काचा मोकळ्या केल्या, पाण्याने ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या आणि शंकासुराला सरळ ओढून वेगळ्या करायला सांगितल्या. सगळा वर्ग लोंबकळला तरी निघेनात. मग कोरड्या केल्या, लगेच निघाल्या. "बघ, पाण्याचे कण अगदी जवळ आले की असे एकमेकांना आणि काचेला ओढतात, आणि उष्णतेने त्यांची धावपळ वाढली की ही पकड सुटते," एवढं मी बोललो. तिने "का ओढतात" विचारलंच, पण तपासनीस बाई हसून म्हणाल्या, ते वरच्या वर्गात. खडू माझ्याच हातात राहिला आहे. तेव्हा माझ्यासाठी तू यायची काही गरज उरलेली नाही. हे सगळं पत्र फाडून टाकावं असं मनात आलं होतं. तुझी भावजय म्हणाली, फाडू नका, खरं कारण लिहा. लिहितो. तुझ्या शेजारणीने तिला कळवलं आहे की तुझ्या दारातलं सकाळचं वर्तमानपत्र हल्ली संध्याकाळपर्यंत तसंच पडलेलं असतं. ताई, मला तुझी फार काळजी वाटते. रविवारी पहिल्या गाडीने तुला न्यायला येतो आहे. बॅग भरून ठेव. नाही भरलीस तर मी भरीन, आणि मी भरलेल्या बॅगेत एक चप्पल आणि सहा टॉवेल निघतात.